भरिताची आग, पांढरं मलम

यावलकडची थंडीची रात्र. मळ्यात कपाशीच्या काड्या पेटल्यात, भरिताची हिरवी वांगी उलटीपालटी होताहेत. हे काम ज्याच्याकडे, त्याचा हात भाजणार हे ठरलेलंच. आजही भाजला. मनगटाखाली नाण्याएवढा फोड.

एकजण टूथपेस्ट शोधतोय, दुसरा मलमाची डबी. आजी दोघांना बाजूला सारते आणि हात पाइपच्या धारेखाली धरते. २० मिनिटं. शेतीची लाइट रात्रीच येते, त्याचा एवढा तरी उपयोग झाला!

डबीवर लिहिलंय, सिल्व्हर सल्फाडायझिन, १ टक्का. यातला सल्फा, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारं औषध, आला कापड रंगवायच्या रसायनशास्त्रातून. १९३२ साली जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्रोंटोसिल नावाचा लाल रंग जंतुबाधा झालेल्या उंदरांना दिला. उंदीर जगले. पुढे त्यांच्याच लेकीच्या हातात सुई घुसली, विष चढलं, हात कापायची पाळी आली. बापानं तेच औषध दिलं. हात वाचला. मजा अशी, की काचेच्या नळीत हा रंग जंतूंना काहीच करत नव्हता. १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत उलगडा झाला: शरीरात रंग फुटतो आणि त्यातून निघणारं बिनरंगी सल्फानिलामाइड खरं काम करतं.

जंतूंना फॉलिक आम्ल स्वतः बनवावं लागतं. सल्फा हुबेहूब त्याच्या कच्च्या मालासारखा दिसतो. जंतू फसतो, त्याची वाढ थांबते. आपल्याला ते आम्ल पालेभाजीतून मिळतं, म्हणून आपलं अडत नाही.

१९६० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स फॉक्स यांनी सल्फाडायझिनला चांदीची जोड दिली. मोठ्या भाजण्यात माणूस आगीतून वाचायचा आणि नंतर जखमेतल्या जंतूंनी जायचा. तिथे हे मलम कामी आलं.

आता मात्र किरकोळ फोडाला डॉक्टर ते सहसा देत नाहीत. मलमाचा थर जखमेवर चिकटतो, जखम किती खोल ते कळत नाही, भरायलाही वेळ लागतो. द्यायचंच झालं तर आधी विचारतात: सल्फाची ॲलर्जी? दिवस भरत आलेत? बाळ दोन महिन्यांच्या आतलं? जी-सिक्स-पीडी, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणारं विकर, कमी असेल तर त्या पेशी फुटायची भीती.

डबीचं झाकण कधीच हरवलेलं. उजेडात राहून मलम काळपट पडलंय. आजी बोटानं उकरून बघते, डबी फेकून देते. तिकडे वांगी सोलायला घेतलीत.