झाड कोनाचं?

मंडळी, प्रास्ताविकात माझी ओळख 'करवती लुगड्याचे अभ्यासक' अशी करून दिली. मी कोष्ट्याच्या घरचा, एवढंच खरं. मागाच्या खड्ड्यात वडिलांचे पाय हलायचे, त्यांच्याशेजारी बसून माझं लहानपण गेलं. तरी या लुगड्याचं टसर रेशीम ज्यातून निघतं तो कोसा, म्हणजे अळीचा कोष, झाडावर कसा धरतो हे वयाच्या पंचविशीपर्यंत मी पाहिलेलं नव्हतं. आमच्या घरी कोसा पोत्यातून यायचा. पोत्याआधी तो कुठं असतो, हा प्रश्न कुणाला पडला नाही. म्हणून आज लुगड्याबद्दल थोडं आणि झाडाबद्दल जास्त बोलतो.

करवती लुगड्याचा काठ आणि अंग जिथं भेटतात तिथं करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते. ती छापलेली नसते, भरलेलीही नसते. दोन काठांचे दोन धोटे आणि अंगाचा एक, असे तीन धोटे चालतात. सांध्यावर काठाचा आणि अंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, एकमेकांत अडकवून दोन्ही धागे आपापल्या बाजूला परत फिरवायचे. हे हातानं करायचं, आणि प्रत्येक ओळीला करायचं. वडील म्हणायचे, काठ चुकला की गिऱ्हाइकाआधी आपल्यालाच दिसतो. या लुगड्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, आनंद आहे. पण ते मानांकन मागापाशी थांबतं.

आता झाड. पुस्तकात ऐन, आपल्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत येन, गोंडांचा साजा. साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. साजात बडादेव राहतो असं गोंड मानतात. याच झाडाच्या पाल्यावर, आणि अर्जुनाच्याही, टसरची अळी जगते. तुतीच्या किड्यासारखी ती घरात, ताटात वाढत नाही. उघड्यावर, पावसात वाढते. तिला राखतात आपले ढीवर. मूळचे मासेमार, तळं आणि जंगल, दोन्हीकडे त्यांची रोजी.

मी पहिल्यांदा गेलो तो आरमोरीकडचा एक टोला, म्हणजे छोटी वस्ती. घराच्या आढ्याला कोषांच्या माळा लटकलेल्या. हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत आतला जीव झोपून असतो. पाऊस लागला की संध्याकाळच्या सुमाराला ओलं पाखरू बाहेर येतं. पंखांवर आरशासारखे चार गोल. ते खात नाही. उरलेल्या थोड्या दिवसांत जोडी जमवायची, अंडी घालायची आणि संपायचं. एक मादी दोनेकशे अंडी घालते. अळ्या निघाल्या की त्यांचे पानांचे द्रोण फांदीला अडकवतात आणि राखण सुरू होते. मुंगी, गांधीलमाशी, पाखरं, माकडं. शिवाय अळीच्या अंगावर अंडी घालणारी उझी माशी. गोफण घेऊन दिवसभर उभं राहायचं. अळी चार वेळा कात टाकते, त्या वेळी तिला हात लावायचा नाही. पाला संपला की फांदीसकट उचलून दुसऱ्या झाडावर.

शेवटी ती कोष विणते, पण त्याआधी एक काम करते. ते पाहून मी, कोष्ट्याचा पोरगा, चाट पडलो. रेशमाचाच देठ काढून ती फांदीभोवती कडं घालते, आणि त्याला कोष टांगते. पान गळलं तरी कोष पडत नाही. आमच्या पोत्यातल्या कोषांना तो देठ असायचा. आम्हाला तो कचरा वाटायचा.

रोगाचं थोडक्यात सांगतो. पेब्रीन हा रोग आईकडून अंड्यात उतरतो. म्हणून अंडी घातल्यावर मादी कुटून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ती निरोगी निघाली तरच अंडीपुंज वाटायचे. घरचंच बी वर्षानुवर्षं चालवलं की कधीतरी अख्खा हंगाम बसतो.

आणि धागा? कोष सोड्याच्या पाण्यात उकळून बायका मांडीवर वळायच्या. माझ्या आईच्या डाव्या मांडीची कातडी टाचेसारखी राठ झाली होती. लुगड्याचं कौतुक करताना हे कुणी बोलत नाही, म्हणून बोललो. आता धागा काढायला 'बुनियाद' नावाची यंत्रं आलीत. ती यायलाच हवी होती. मांडीवरच्या धाग्याची 'खरी मजा' सांगणारे भेटतात, त्यांनी आठवडाभर वळून बघावं.

दुसरीकडे देशभरात टसरच्या मागांवर ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, 'कोरियन' म्हणून ओळखला जाणारा परदेशी धागा चढतो. सरळ, एकसारखा, तुटत नाही. विणकराला दोष कसा देणार? पण तो चढला की येनाच्या झाडाची आणि मागाची ओळख तिथंच संपते.

आता मुद्दा. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या आहे. तीत बांबू, मध, लाख, तेंदूपानं यांच्याबरोबर टसर आणि कोषही नावानिशी लिहिलेले आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून वाट दाखवली. पण ढीवर अनुसूचित जमातीत नाहीत, ते भटक्या जमातींच्या यादीत. त्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची, वस्ती दाखवावी लागते. तळ्यावर आणि झाडावर जगलेला माणूस कागद कुठून आणणार? नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब पुरावा म्हणून चालतो, हे फार जणांना ठाऊकच नसतं.

त्या टोल्यावरच्या म्हाताऱ्या मामाजींना मी विचारलं, "मामाजी, हे येन तुमचंच कशावरून?" ते मला झाडापाशी घेऊन गेले. कोवळा पाला फुटावा म्हणून येन पुरुषभर उंचीवर छाटतात. पुन्हापुन्हा छाटून तिथं मोठी गाठ येते. मामाजींनी गाठीवर हात ठेवला.

"हे पाय बापू. हे वरतं माया हातचं. हे मंदातलं माया बापाचं. अन् हे खालतं जाड हाये ना, थे आज्याचं."

मी वही काढली आणि म्हटलं, मामाजी, पुन्हा सांगा, लिहून घेतो.