स्टिकरखालची बॅट

[हेअर ड्रायर. स्टिकरचा कोपरा सुटतोय.]

स्टिकर ओढून काढायचं नसतं. आधी ड्रायरची गरम हवा वीतभर अंतरावरून कोपऱ्यावर धरायची. डिंक मऊ झाला की नखाने कोपरा उचलायचा आणि कागद लाकडाला जवळजवळ चिकटवून मागे ओढत न्यायचा. सरळ वर खेचला तर लाकडाचं कातडंही सोबत निघतं.

[दुकान, बाहेरून. रिक्षा जाते.]

हे धुळे. आग्रा रोडच्या मागच्या गल्लीतलं बॅट दुरुस्तीचं दुकान, आठ बाय दहाचं. आत एक माणूस बसला तर दुसऱ्याने उभं राहायचं. समोरची बॅट एका नव्या ब्रँडची आहे. ब्रँडमागे एक मोठा क्रिकेटपटू आहे. नाव घेत नाही, पण हातात मोबाईल असलेल्या कुणाच्याही नजरेतून ती जाहिरात सुटलेली नाही. बॅट तीन महिन्यांपूर्वी घेतली. दांड्याजवळचा सांधा सुटलाय आणि टोकडून, म्हणजे पात्याच्या तळाकडून, वर बोटभर चीर गेलीय.

[क्लोजअप: पाठ. गाठ.]

आता स्टिकरखाली बघा. 'ग्रेड 1' छापलेल्या पट्टीच्या बरोबर खाली, मणक्याच्या डाव्या अंगाला, रुपयाच्या नाण्याएवढी गाठ. भोवती लाकडाचा भुसा आणि डिंक भरून वर पॉलिश पेपर फिरवलेला. पाठीवर गाठ आहे म्हणजे बॅट वाईट, असं नाही हं. चेंडू लागतो त्या जागेपासून ती लांब असेल तर स्ट्रोकला काही होत नाही. पण अशा फळीला कुणी ग्रेड 1 म्हणत नाही. ती खालच्या ग्रेडची फळी, आणि त्या भावात घेतली तर चांगली. ग्रेड मुळात दिसण्यावर ठरते, ठरवतो विकणारा. सरकारी शिक्का वगैरे काही नसतो.

[भिंतीवर टांगलेल्या जुन्या बॅट, कॅमेरा सरकतो.]

बॅटवरचं स्टिकर ही भाड्याची जागा आहे. एमआरएफ टायर बनवते, सिएट टायर बनवते. दोघांची नावं मोठमोठ्या फलंदाजांच्या बॅटवर झळकली. म्हणून टायरच्या कारखान्यात कुणी विलो, म्हणजे बॅटचं लाकूड, तासत बसलं नव्हतं. 1996 च्या विश्वचषकात सचिन तेंडुलकरने 523 धावा काढल्या, स्पर्धेतल्या सर्वाधिक, आणि त्याच्या बॅटवर तेव्हा प्रायोजकाचं स्टिकर नव्हतं. 2019 मध्ये याच तेंडुलकरला ऑस्ट्रेलियातल्या स्पार्टन या क्रीडासाहित्य कंपनीविरुद्ध थकलेल्या पैशासाठी कोर्टात जावं लागलं. पुढच्या वर्षी तडजोड झाली. खेळाडूचं नाव आणि कारखाना यांच्यात कागद असतो, रंधा नसतो. 2010 च्या आयपीएलमध्ये चेन्नईकडून मॅथ्यू हेडनने आखूड पात्याची, लांब दांड्याची 'मुंगूस' बॅट घेऊन दिल्लीविरुद्ध 43 चेंडूंत 93 धावा ठोकल्या. त्या डावाची दृश्यं दाखवण्याचे हक्क आमच्याकडे नाहीत, आठवणाऱ्यांनी आठवावी. आज ती बॅट धुळ्याच्या गरुड मैदानावर शोधून दाखवा.

स्टारला मिळणारी बॅट आणि दुकानात येणारी बॅट यांवर स्टिकर एकच असतं, फळी एक नसते. चांगल्या फळ्या आधीच वेगळ्या काढल्या जातात. उरलेल्या मेरठ, जालंधरच्या कारखान्यांतून बाजारात येतात. त्यातलीच एखादी रास नव्या ब्रँडच्या नावाने निघाली, तर ती घडवली कुणी हे बॅटवर कुठेही लिहिलेलं नसतं.

[तराजू. बॅट ठेवतात. आकडा: 1,140.]

अकराशे चाळीस ग्रॅम, ग्रिपसकट. आता कड मोजू. एकोणचाळीस मिलिमीटर. नियमात कड 40 मिलिमीटरपर्यंत चालते, पात्याची जाडी 67 पर्यंत, रुंदी 10.8 सेंटिमीटर, कडेची आणि जाडीची ही मर्यादा ऑक्टोबर 2017 पासूनची. म्हणजे बॅट नियमात बसते. पण एवढं जाड पातं एवढं हलकं कसं? एक तर लाकूड मुळातच फार हलकं मिळालं, आणि तसं लाकूड महाग असतं. नाही तर त्यातलं पाणी जास्त काढलं. विलोत साधारण दहा-बारा टक्के ओल राहू द्यावी लागते. त्याखाली वाळवली की बॅट हातात पिसासारखी लागते, दुकानात टकटक केली तर आवाजही छान येतो, आणि ती काचेसारखी तडकते.

त्यात हा आपला खान्देश. मे महिन्यात पारा 43-44 वर. पत्र्याच्या खोलीत किटबॅग ठेवली, किंवा गाडीच्या डिकीत दुपारभर राहिली, की उरलीसुरली ओलही गेली. मेरठला घडलेली बॅट इथे येऊन पुन्हा एकदा वाळते, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही.

[करवत. दांडा कापतात. इथे आवाज थोडा वेळ एकटाच राहू द्यावा.]

दांडा बदलायचं काम. ग्रिप काढली, दोरा कापला, दांडा खांद्यालगत करवतीने उतरवला. पात्यात व्हीच्या आकाराचा जो तुकडा अडकून राहतो, तो पटाशीने थोडा थोडा करून काढायचा. घाई केली तर पात्याचा खांदा फुटतो, मग बॅट संपली. डिंकाचा थर ताठ असेल तर गरम हवा देऊन मऊ करायचा.

कापलेला दांडा बघा. वेताच्या काड्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि मध्ये रबराच्या पट्ट्या. चेंडूचा धक्का मनगटापर्यंत जाऊ नये म्हणून. चांगल्या दांड्यात अशा दोन-तीन पट्ट्या असतात. इथे एकच आहे, तीही निम्म्यावर संपलेली.

[क्लोजअप: नवा दांडा, पेन्सिलची खूण.]

नवा दांडा आधी कोरडाच बसवून बघायचा. दिव्यासमोर धरायचा, सांध्यातून उजेड दिसला तर कानस मारायची, पुन्हा बसवायचा. पाच वेळा, सहा वेळा. कारागिरीचा सगळा कस इथे लागतो. दांडा पात्याच्या सरळ रेषेत नसतो, किंचित पुढे, तोंडाकडे, म्हणजे चेंडू लागतो त्या बाजूला झुकलेला असतो. तो झुकाव चुकला तर बॅट वजनाला तीच असून हातात जड पडते. डिंक दोन्ही बाजूंना पातळ लावायचा. जाड थर दिला की दांडा डिंकावरच तरंगतो आणि महिन्याभरात कटकट वाजायला लागतो. या बॅटचं नेमकं तेच झालं होतं. हातोडीने ठोकून बसवला, शिकंज्यात आवळला. चोवीस तास हात लावायचा नाही.

[दुसरा दिवस. दोरा गुंडाळतात.]

मग घासणं: आधी 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120, मग 220. दोरा डिंकात भिजवून खालून वर, वेढ्याला वेढा लागून. फट राहिली तर घाम आत जातो.

टोची चीर पातळ डिंक भरून दाबली. त्यावर रबराचा टो-गार्ड. तोंडावर कच्चं जवसाचं तेल, एक चमचा, तळहाताने चोळून. उकळलेलं नाही, कच्चंच. सांध्याला आणि स्टिकरच्या जागेला तेल लावायचं नाही. बॅट आडवी ठेवायची, उभी ठेवली तर तेल टोत उतरतं. लोक 'अजून थोडं' म्हणत वाटीभर ओततात, मग बॅट ओंडक्यासारखी होते.

नॉकिंगचंही, म्हणजे नवी बॅट ठोकून तयार करण्याचंही, तसंच. 'रेडी टू प्ले' लिहिलेलं असलं तरी लाकडी हातोडीने पाच-सहा तास ठोकावंच लागतं, एका बैठकीत नाही. सुरुवात हलकी. कडा 45 अंशात, गोल होईपर्यंत. टोच्या तळावर आणि सांध्यावर कधीच नाही. नंतर जुन्या चेंडूवर हलके फटके. चेंडूच्या शिवणीची खूण खोल उमटत असेल तर परत हातोडी.

[मुलगा दुकानात येतो. बॅट हातात घेतो.]

"काका, नीट व्हई गई का?"

"व्हई गई. पन यॉर्कर संभाळ."

पंधरा हजारांची बॅट, हप्त्यांवर घेतलेली. वॉरंटीचा मेल केला होता. उत्तर आलं की चीर वॉरंटीत येत नाही.

[काउंटरवर स्टिकरांचे ताव. मुलगा चाळतोय.]

उघड्या लाकडावर आता सगळं दिसतंय. सरळ सहा-सात रेषा, मधे तपकिरी पट्टा, भरलेली गाठ. ती बाहेरूनच दिसली असती, विकत घेताना कुणी पाठ उघडी दाखवली असती तर.

दुकानात स्टिकरांचे ताव सुटे मिळतात. दीडशे रुपयांत पूर्ण सेट: पाठीचा, कडेचा, तोंडाच्या वरचा. हव्या त्या कंपनीचा, हव्या त्या खेळाडूचा. मुलगा चार ताव बाजूला काढतो, त्यातले दोन परत ठेवतो. काका ड्रायर लावतात.

[स्टिकर बसतं. काका अंगठ्याने मधून कडेकडे दाबत नेतात, हवा राहू नये म्हणून.]