वळचणीचं पोळं

नमस्कार, श्रोतेहो.

निकालाचे दिवस आले की माझ्याकडे मुलं येतात, बरोबर आई नाहीतर वडील. मुलीला इकॉलॉजी, म्हणजे परिसरशास्त्र, आणि उत्क्रांती या विषयात पुढं शिकायचं असतं, आणि घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे वाघांच्या मागे हिंडायचं का हो, मॅडम?"

मी वाघांच्या मागे हिंडले नाही. पीएचडीची पाच वर्षं मी गांधीलमाश्यांच्या पोळ्यांसमोर स्टूल टाकून बसले. माशीचं शास्त्रीय नाव रोपालिडिया मार्जिनाटा. तुमच्याही घराच्या वळचणीला नाहीतर खिडकीच्या चौकटीला ती असेल. झाडाझुडपांचे धागे कुरतडून, लाळेत मळून ती कागद तयार करते आणि त्याचंच पोळं बांधते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या एका माशीवर कित्येक दशकं काम केलंय. त्याच वाटेनं मीही गेले.

पहिलं काम म्हणजे प्रत्येक माशीला ओळख देणं. काडीचं टोक रंगात बुडवायचं, श्वास रोखायचा आणि माशीच्या पाठीवर अलगद ठिपका ठेवायचा. ही निळी-पिवळी, ती लाल-पांढरी. मग दिवसभर नोंदी : कोण खाणं आणतं, कोण अळ्यांना भरवतं, कोण कुणाच्या अंगावर धावून जातं.

राणी ओळखताना मी हमखास चुकले. दिसायला सगळ्या सारख्याच, म्हणून जी सगळ्यांवर दादागिरी करते तीच राणी असं मी धरून चालले. पण अंडं घालताना दिसली ती वेगळीच, गप्प बसून राहणारी. त्या राणीला पोळ्यावरून उचललं की काही मिनिटांत एक कामकरी माशी चवताळते, इतरांवर तुटून पडते. राणी परत ठेवली की ती निवळते. नाही ठेवली तर तीच पुढची राणी होते, साधारण आठवड्याभरात अंडी घालू लागते, आणि मग तीही शांत होत जाते. हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं, त्या रात्री मला झोप लागली नाही.

खरा प्रश्न पुढंच आहे. स्वतःची अंडी न घालता दुसरीची पिल्लं का वाढवायची? उत्क्रांतीचे अभ्यासक विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये उत्तर मांडलं : आपली जनुकं नातेवाइकांमार्फतही पुढच्या पिढीत जातात. या कीटकांत जनुकांच्या हिशेबानं सख्ख्या बहिणींचं नातं पाऊण हिश्श्याचं, आई-मुलीचं निम्म्याचं; म्हणजे मुलीपेक्षा बहीण वाढवणं फायद्याचं. हिशेब सुरेख आहे. पण आमची राणी एकाहून जास्त नरांशी मीलन करते, बहिणी सावत्र निघतात आणि हिशेब कोलमडतो. मग दुसरी कारणं शोधावी लागतात. एकटीनं पोळं मांडलं आणि ती मधेच मेली, तर अळ्या पोरक्या होतात. गटात असली तर तिनं अर्ध्यावर सोडलेली अळी दुसरी कुणीतरी वाढवते. गदगकरांनी हाही हिशेब मांडून दाखवला.

म्हणून मुलांनो, जीवशास्त्र घेतलं म्हणजे गणित सुटलं, असं समजू नका. पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ प्राणिशास्त्र शिकले होते, पण हार्वर्डमध्ये त्यांनी पीएचडी केली ती गणिती इकॉलॉजीत. पुढं १९८३ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेतलं परिसरशास्त्राचं केंद्र त्यांनीच उभं केलं. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बेंगळुरूचं एनसीबीएस म्हणजे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, आपल्या पुण्याचं आयसर म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, या सगळ्या ठिकाणी दारं आहेत. प्रवेशपरीक्षा आहेत, त्यांची तयारी करा.

पालकांनाही खरं सांगते. शिष्यवृत्ती असते, पण माझी एकदा कित्येक महिने रखडली होती. घरून पैसे मागवताना जीव कानकोंडा व्हायचा. आणि कष्ट एका दुपारीत वाया जाऊ शकतात. माझ्या सगळ्यात मोठ्या पोळ्यावर एकदा दांडगी गांधील उतरली. आमच्या माश्या बाजूला सरकून बसल्या, आणि ती एकेक घर उघडून अळ्या ओढून नेत राहिली. तीन महिन्यांच्या नोंदी तिथंच थांबल्या. मी स्टुलावर बसून रडले.

चार-पाच दिवसांनी त्याच चौकटीच्या दुसऱ्या कोपऱ्यात निळी-पिवळी दिसली. नव्या पोळ्याची तीन घरं बांधून झाली होती, चौथ्याची कड ती ओढत होती. मी नवी वही आणायला आत गेले.