उद्या स्लॅब आहे

(दृश्य : पुण्याच्या पश्चिमेला, ताथवडे. संध्याकाळचे पाच. नवव्या मजल्यावर सळईची जाळी आणि तिच्यावरून तोल सांभाळत चालणारा साईट इंजिनिअर.)

उद्या स्लॅब आहे.

बांधकामावर राबणाऱ्या माणसाला एवढं वाक्य पुरतं. सेंट्रिंगवाले, फिटर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सगळे आज एकाच मजल्यावर आहेत आणि सगळ्यांना आपापलं काम आजच उरकायचंय. सकाळी सातला आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, पहिली गाडी येईल. एकदा माल पडला की खालचं काही दिसणार नाही. जे चुकलं असेल, ते चुकीसकट घट्ट होईल.

इंजिनिअर टॉयलेटच्या कोपऱ्यात थांबतो आणि टेप काढतो. संडासाच्या पाइपसाठी बसवलेली स्लीव्ह, म्हणजे स्लॅबमध्ये पाइपला वाट ठेवणारी नळी, भिंतीच्या रेषेपासून मोजतो. पुन्हा मोजतो. स्लीव्ह ३०० मिलिमीटर चुकीच्या जागी आहे.

आठ दिवसांपूर्वी आर्किटेक्टने कमोडची जागा सरकवली होती. ड्रॉइंगची तिसरी रिव्हिजन, आर३, आली होती. प्लंबरच्या खिशात घडी घातलेला कागद आर२चा आहे.

(दृश्य : तेलकट, घड्या पडलेला कागद. कोपऱ्यातला रिव्हिजनचा रकाना.)

“मला कुणी सांगितलंच नाही.”
“अरे, ग्रुपवर टाकलं होतं ना!”

दोघंही खरं बोलताहेत. त्या रात्री ड्रॉइंग ग्रुपवर आलं होतं. त्याच्या मागोमाग सिमेंटच्या गाडीचा फोटो आला, कुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या, लिफ्टवाल्याची चौकशी आली. सकाळपर्यंत ड्रॉइंग कितीतरी वर सरकलं होतं. निरोप पोहोचला, पण तो कुणाच्या नावावर नव्हता.

साईटवर सगळ्यात महाग वाक्य कोणतं, तर “मी सांगितलं होतं.” ही चूक उद्यानंतर कळली असती तर पिकलेल्या स्लॅबमध्ये कोअर कटिंग, म्हणजे यंत्राने भोक पाडणं, करावं लागलं असतं, वाटेत सळई कापली जाण्याची भीती, वर आरसीसी कन्सल्टंटची, म्हणजे सळई-काँक्रीटची रचना ठरवणाऱ्या इंजिनिअरची, परवानगी.

आज मात्र इंजिनिअर ग्रुपवर काही लिहीत नाही. तो फोनवर कामाचं ॲप उघडतो. तिथे नवव्या मजल्याचं ड्रॉइंग आहे, आणि सहज उघडतं ते आर३च. जुनी रिव्हिजन इतिहासात आहे, पण ती शोधावी लागते. तो टॉयलेटच्या कोपऱ्यावर बोट ठेवतो, तिथे खूण उमटते. टेप धरूनच फोटो काढतो. लिहितो: ‘स्लीव्ह आर३प्रमाणे हलवणे.’ खाली प्लंबरचं नाव. एकाच माणसाचं. मुदत, आज रात्री आठ. आणि हे काम उद्याच्या पोअर कार्डाला, म्हणजे माल ओतण्याआधीच्या सह्यांच्या कार्डाला, जोडतो, म्हणजे हे बंद झाल्याशिवाय स्लॅबवर सही होणार नाही.

जागा, फोटो, नाव, वेळ. निरोपाचं काम झालं ते इथे.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. अमेरिका, कॅन्सस सिटी.)

१७ जुलै १९८१. हयात रिजन्सी हॉटेलच्या लॉबीवर टांगलेले दोन पूल एकमेकांसकट खाली कोसळले. ११४ माणसं गेली. मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून निघालेली एकच सलग सळई दोन्ही पुलांतून जात होती. कारखान्यात काम सोपं व्हावं म्हणून तिचे दोन तुकडे झाले. खालचा पूल वरच्या पुलाला लटकला आणि वरच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. मूळ रचनाही नियमाला अपुरी होती, या बदलाने उरलंसुरलं बळ गेलं. बदलाला फोनवर होकार मिळाला होता, असं एका बाजूचं म्हणणं होतं. दुसरी बाजू ते नाकारत होती. बदललेल्या ड्रॉइंगवर इंजिनिअरांचा शिक्का मात्र होता. जबाबदार इंजिनिअरांचे परवाने गेले.

त्या फोनची नोंद कुठेच नव्हती. बांधकामाच्या सॉफ्टवेअरमधलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं अंग याच जागेसाठी आहे: आरएफआय, म्हणजे साईटवरून डिझाइनवाल्यांना विचारलेला रीतसर प्रश्न. ‘या बीममधून पाइप नेला तर चालेल का?’ प्रश्नाला क्रमांक पडतो, तारीख पडते, उत्तर कुणाकडे थकलंय ते सगळ्यांना दिसतं. उत्तर आलं की ते त्याच ड्रॉइंगच्या त्याच जागेवर चिकटून राहतं. फोन करू नये असं नाही. फोन करावाच, काम अडलेलं असतं. पण फोन ठेवल्यावर दोन ओळी तिथे लिहाव्यात.

(दृश्य : मुकादम, हातात फोन. मागे फिटर सळईखाली तिला उचलून धरणारे कव्हर ब्लॉक लावताहेत.)

हे ॲप इंजिनिअरपुरतं राहिलं तर फुकट आहे. या मुकादमाला इंग्रजी वाचता येत नाही. त्याच्या टोळीत बंगालचे, बिहारचे, तेलंगणाचे कामगार आहेत, आणि सगळ्यांची साईटवरची भाषा हिंदी. म्हणून इथे कामाच्या नोंदीला फोटो असतोच, फोटोवर लाल गोल असतो आणि सोबत व्हॉइस नोट असते. मुकादम ऐकतो, माणूस पाठवतो, झाल्यावर फोटो काढतो. एवढंच त्याने करायचं. त्याच्यापुढे बारा रकान्यांचा फॉर्म ठेवणाऱ्याने साईट पाहिलेलीच नसते.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. ज्याने काम केलं त्याने ‘झालं’ म्हणायचं, पण बंद करायचं ते ज्याने काम लावलं त्याने, प्रत्यक्ष वर जाऊन पाहून. ऑफिसात खुर्चीत बसून महिनाअखेरीला शंभर कामं एकदम बंद केली की यादी स्वच्छ होते आणि इमारत तशीच राहते. किरकोळ गोष्टींचाही पसारा नको. झाडू मारण्यापासून सगळ्याची नोंद होऊ लागली की स्लीव्हची खूण त्यातच हरवते, जशी ती ग्रुपवर हरवली होती.

रेरा कायद्याप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. पाच वर्षांत आजचा इंजिनिअर दुसऱ्या कंपनीत असेल, मुकादम दुसऱ्या शहरात. भिंतीत ओल आली तर पाइप कुठून गेलाय हे सांगायला आजचा फोटोच उरेल.

(दृश्य : रात्र. हॅलोजनचा उजेड. प्लंबर गुडघ्यावर बसून स्लीव्ह तारेने बांधतोय.)

आठला दहा कमी. फोटो येतो. इंजिनिअर नऊ मजले चढून वर येतो, टेप लावतो, आणि मग काम बंद करतो. पोअर कार्डावरच्या सह्या सुरू होतात.

(दृश्य : सकाळ. नारळ फुटतो. पहिल्या गाडीचा ड्रम फिरतोय.)

स्लम्प घेतला जातो, म्हणजे काँक्रीट किती पातळ आहे ते पाहिलं जातं. पुढे ताकद तपासायला क्यूबचे साचे भरले जातात. माल पडायला लागतो तेव्हाच फोनमध्ये पुढची कामं जागी होतात: उद्यापासून पाणी मारणं, सातव्या दिवशी क्यूब, अठ्ठाविसाव्या दिवशी क्यूब. आधारांमधल्या मोठ्या अंतराखालचे टेकू चौदा दिवसांच्या आत हलवायचे नाहीत, ही सूचना सेंट्रिंगच्या मुकादमाच्या नावावर, त्याच्या ओळखीच्या आवाजात.

टॉयलेटच्या कोपऱ्यात व्हायब्रेटर घरघरतो. काँक्रीट स्लीव्हच्या भोवतीनं वर चढतं आणि तिच्या कडेला येऊन थांबतं.