डोक्याला मार, विसरायचं नाटक आणि ५६७ वाक्यं

नमस्कार मंडळी, बाहेर घोडबंदरला ट्रॅफिक तुंबलंय, हॉर्नचा त्रास नको म्हणून खिडकी लावून बसलोय, तेव्हा घाम चालवून घ्या.

समजा एक जण आहे, मानपाड्याला खड्ड्यात बाइक गेली, डोकं आपटलं, मिनिटभर शुद्ध नव्हती, सीटी स्कॅन नॉर्मल. आता वर्ष झालं, ठाणे कोर्टात क्लेमची केस चालू आहे आणि हा म्हणतो, बायकोने सकाळी सांगितलेलं दुपारी आठवत नाही हो. एवढ्या मारातून बहुतेक लोक तीनेक महिन्यांत सावरतात, मग हा खरं बोलतोय की सोंग करतोय?

इथे एमएमपीआय-२ ही पर्सनॅलिटी टेस्ट येते, १९८९ची, ५६७ वाक्यं, खरं की खोटं एवढंच सांगायचं. पर्सनॅलिटीचा आणि विसरण्याचा काय संबंध? अहो ती मेमरी मोजतच नाही, माणूस रडगाणं कसं गातो ते बघते.

तिच्यात एफ नावाचं स्केल आहे, ते वेडाचं सोंग पकडतं, कानात आवाज येतात वगैरे. पण आपला बाइकवाला असलं कशाला म्हणेल? तो म्हणणार डोकं दुखतं, झोप नाही, लक्ष लागत नाही, आणि स्वभावाने मी अगदी गरीब गाय, कधी खोटं बोलत नाही. एफ नॉर्मल, सुटला की!

म्हणून १९९१ला पॉल लीज-हेली आणि सहकाऱ्यांनी त्यातलीच ४३ वाक्यं वेगळी काढली, फेक बॅड स्केल, म्हणजे असलं दुखण्याचं सोंग पकडणारं. पुढे नाव बदलून सिम्प्टम व्हॅलिडिटी झालं, बरंच झालं, रिपोर्टवर 'फेक' वाचल्यावर कोण ऐकून घेणार त्याचं?

आता गोची अशी की ज्याला खरंच दुखतं, झोप येत नाही, त्याचेही मार्क इथे वाढतात, यावरून बरीच भांडणं झालीयेत आणि मला हा आक्षेप पटतो. म्हणून नुसत्या या आकड्यावर कुणाला खोटारडा म्हणायचं नाही, जोडीला टॉमसारखी (टेस्ट ऑफ मेमरी मॅलिंगरिंग, विसरण्याचं सोंग पकडणारी) टेस्ट घेतात. ५० चित्रं दाखवायची, मग दोन-दोन समोर ठेवून विचारायचं, यातलं आधी कुठलं बघितलंत? डोळे मिटून बोट ठेवलं तरी २५च्या आसपास बरोबर येतात. याचे आले १४. म्हणजे बरोबर चित्र ओळखून मुद्दाम दुसऱ्यावर बोट ठेवलंय पठ्ठ्याने!

आणि हो, 'सर केस चालू आहे, कुठली उत्तरं देऊ' असं कमेंटमध्ये विचारू नका, मागच्या वेळी दोघांनी विचारलेलं.