एकतिसांत सव्विसावी

(अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या आपल्या मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आवरून घेतलं आहे.)

नमस्कार मंडळी. तिळगूळ तुम्ही घेतलाय, तेव्हा पुढची पंधरा मिनिटं गोड बोलायची जबाबदारी तुमची.

आधी एक जुना हिशेब मिटवते. नोव्हेंबरात दिवाळीच्या कार्यक्रमात नाटिका सुरू होऊन दहा मिनिटं होत नाहीत तोच मी उठून बाहेर गेले. नंतर कानावर आलं की हिला नाटिका आवडली नाही. दुसऱ्या गटाचं म्हणणं, हिला भूमिका दिली नाही म्हणून फुगली. दोन्ही खोटं. नाटिका चांगली होती, तोच तर घोटाळा झाला. माझ्या उजव्या बरगडीला चीर गेली होती आणि हसलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. सासऱ्यांच्या प्रवेशापर्यंत मी खुर्चीची कड धरून बसले. पण जावईबापू पोह्याच्या डब्यात पासपोर्ट शोधायला लागले, तेव्हा मी हरले. बाहेर गाड्यांमध्ये उभी राहून, छातीवर हात दाबून, एकटीच हसले आणि कळवळले.

तर ही बरगडी कशी मोडली, ते सांगायला अध्यक्षांनी आज मला उभं केलंय.

सायक्लोक्रॉस म्हणजे काय, हे मी सांगलीला आईला फोनवर तीनदा समजावलं. तिने त्याचं सार असं काढलं: "म्हणजे सायकलची शर्यत, पण चिखलात. आणि मधेमधे सायकलनं तुला न्यायचं सोडून तूच सायकलला न्यायचं." याहून नेमकी व्याख्या मी ऐकलेली नाही. बागेत किंवा शेतात अडीच-तीन किलोमीटरचा गोल रस्ता आखतात. त्यात गवत, चिखल, वाळू, कधी पायऱ्या, आणि वाटेत आडव्या लावलेल्या लाकडी फळ्या. फळीपाशी आलं की उतरायचं, सायकल उचलायची, उडी मारायची, परत बसायचं. माझ्या गटाची शर्यत चाळीस मिनिटांची असते. पहिल्या बाईने शेवटची रेषा ओलांडली की बाकीच्यांनी चालू फेरी पुरी करायची, की त्यांचीही शर्यत संपली. तिने तुम्हाला मागून गाठलं असेल तर तुमची एक फेरी कमी धरतात. म्हणजे मागे राहणाऱ्याला कमी कष्ट, असा हा एकमेव खेळ.

मूळ युरोपातलं. रस्त्यावर शर्यती करणारे लोक हिवाळ्यात सराव मोडू नये म्हणून शेतांतून सायकली हाणायला लागले. फ्रान्समध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०२ साली झाली. ओक्ताव लापीझने १९१० ची टूर द फ्रान्स जिंकली आणि त्याचं श्रेय या चिखलातल्या सरावाला दिलं, तेव्हा बाकीच्यांचं लक्ष गेलं. आज या खेळाचं पंढरपूर बेल्जियम. पुरुषांची जागतिक स्पर्धा १९५० पासून आहे, बायकांची मात्र २००० पासून. पन्नास वर्षं काय चिखल संपला होता का, हा प्रश्न मला दर वेळी पडतो. असो. नेदरलँड्सच्या मारियाना फोसने त्यानंतर आठ वेळा जिंकून बरीच वसुली केली आहे.

आपल्या पोर्टलंडला सप्टेंबर ते डिसेंबर जवळजवळ दर रविवारी शर्यत असते. मी चार वर्षांपूर्वी सुरुवात केली, तेव्हा चाळीस पूर्ण झाली होती. मागच्या मोसमात एकदा चौदावी आले. आता, आमच्या पिढीचं तुम्हाला माहीत आहे. दहावीच्या निकालाच्या दिवशी पेपरात बोर्डात आलेल्या मुलांचे पेढे भरवतानाचे फोटो बघत आम्ही मोठे झालो. चौदावा नंबर आला की पुढच्या वर्षी पहिल्या दहात यायचंच, हे डोक्यात आपोआप छापलं जातं. जूनपासून पहाटे साडेपाचला उठून सराव केला. वहीत तक्ते आखले. नवऱ्याने त्या वहीवर खडूने 'अपेक्षित प्रश्नसंच' असं लिहून ठेवलं होतं.

पहिली शर्यत सप्टेंबरात, कोरड्या धुळीत. टायरमध्ये मी हवा फारच कमी ठेवली होती, पकड चांगली मिळते म्हणून. तिसऱ्या वळणावर दगड रिमला लागला आणि होती ती हवाही फुस्स झाली. या खेळात सायकल बदलायची तर ती ठरलेल्या जागीच, तिला पिट म्हणतात. तिथे माझा नवरा दुसरी सायकल, म्हणजे आमच्या मुलीची जुनी, घेऊन उभा होता. मी जवळजवळ एक किलोमीटर सायकल घेऊन पळाले. २०१७ साली लक्झेंबर्गच्या बील्समध्ये जागतिक स्पर्धेत नेदरलँड्सच्या माथ्यू फान डर पूलचं चाक पुन्हा पुन्हा पंक्चर झालं आणि तो दुसरा आला, हे मी स्वतःला पळताना सांगत होते. तो दुसरा आला होता. मी तिसावी.

दुसऱ्या शर्यतीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण चूक माझी होती आणि ती माझ्याकडून तरी व्हायला नको होती.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, मी पोटासाठी माती तपासते. इमारतीचा पाया घालण्याआधी जमीन किती भार घेईल ते बघायचं. ज्या मातीचे नमुने मी सोमवार ते शुक्रवार डब्यांत भरते, तिच्यातच रविवारी तोंडावर पडते. एक गंमत सांगते. आपलं दख्खनचं पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचं, आणि इथे कोलंबिया नदीकाठी जो काळा खडक दिसतो तोही तसाच थरावर थर पसरलेल्या लाव्ह्याचा, फक्त वयाने बराच लहान. या देशात पहिल्यांदा आले आणि त्या दरीतला बेसॉल्ट बघितला तेव्हा मला सह्याद्रीचा मामेभाऊ भेटल्यासारखं झालं. आपल्या खोऱ्यातला चिखल मात्र हिमयुगाच्या शेवटी आलेल्या महापुरांच्या गाळाचा, बारीक पिठासारखा. आता, माती सगळ्यात वाईट कधी? धो धो पाऊस पडतो तेव्हा नव्हे. तेव्हा चिखल पातळ असतो, उडतो, धुऊन जातो. पाऊस थांबून चार-पाच तास झाले, पाणी उतरलं, की ती थापलेल्या भाकरीच्या पिठासारखी होते आणि जिथे लागेल तिथे बसते. हे मी अहवालांत लिहून पैसे घेते.

त्या रविवारी सकाळी दहाला पाऊस थांबला. माझी शर्यत दोनला.

दुसऱ्या फेरीला मागच्या चाकाच्या आजूबाजूला चिखल आणि कापलेलं गवत मिळून दोरखंड वळल्यासारखं झालं होतं. चाक फिरेना. मी अठरावी होते, पुढची बाई दिसत होती, म्हणून उतरले नाही. दात-ओठ खात पॅडल दाबलं. कट्ट! गिअर बदलणारं यंत्र ज्या लहानशा अॅल्युमिनियमच्या तुकड्याला टांगलेलं असतं तो तुकडा मोडला आणि यंत्र चाकाच्या तारांमध्ये जाऊन बसलं. तो तुकडा मुद्दामच कच्चा करतात, म्हणजे सायकलचा सांगाडा वाचतो. तिथेच, चिखलात गुडघ्यावर बसून, मला बाबा आठवले.

बाबा शाळामास्तर होते. डांबरी रस्ता सोडला की शाळेपर्यंत दीड किलोमीटर पाणंद होती, आणि पावसाळ्यात त्या काळ्या मातीतून सायकल जायची नाही. चार हात गेलं की चाक आणि मडगार्डच्या मधे माती गच्च बसायची. बाबा कॅरिअरला एक बांबूची कामटी खोचून ठेवत. उतरायचं, कामटीने माती उकरायची, पुढे जायचं. फारच झालं तर सायकल खांद्यावर. धोतर नव्हे, पँट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हँडलला टांगलेल्या. त्यांना कधी चिडलेलं बघितलं नाही असं मी म्हणणार नाही. पाणंदीला ते ज्या शिव्या देत त्या मास्तरांच्या तोंडच्या नव्हत्या. पण उतरत मात्र वेळेवर. घरी आलं की आधी सायकल धुवायची, मग चहा. आईने चहा गाळून ठेवला असेल तर तो निवायचा, पण क्रम बदलायचा नाही.

मंडळी, माती मी शिकले, सायकल मी शिकले, आणि कामटी विसरले.

तिसऱ्या शर्यतीत ती बरगडी. त्यात सांगण्यासारखं फार नाही. शेवटची फेरी, दमलेली, दोन फळ्यांपैकी दुसऱ्या फळीला पाय पुरता उचलला गेला नाही. सायकल आधी पडली, तिच्या हँडलच्या टोकावर मी. उठून शर्यत पुरी केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण ते शौर्य नव्हतं, गाडी त्याच दिशेला लावली होती. डॉक्टरांनी सांगितलं, बरगडीला प्लास्टर नसतं. सहा आठवडे, आणि दुखलं तरी रोज दीर्घ श्वास घ्यायचे, नाहीतर छातीत कफ साठतो. म्हणजे औषध काय, तर प्राणायाम. आईला हे ऐकून फार समाधान वाटलं.

ते सहा आठवडे वाईट गेले, हे कबूल करते. वहीतले तक्ते रिकामे. रविवारी सकाळी घरात माझ्याशी कुणी बोलायला धजत नव्हतं. शेवटी नवराच म्हणाला, शर्यत करता येत नाही तर निदान तिकडे जाऊन उभी राहा, घर तरी मोकळं कर. मग मी स्वयंसेवक म्हणून गेले. ड्यूटी कुठे मिळावी? त्याच फळ्यांपाशी. पिवळं जाकीट घालून, शिट्टी घेऊन.

तिथून मी पहिल्यांदा शर्यतीची शेपटी बघितली. मी स्वतः असते तेव्हा माझी नजर पुढे असते ना. शेपटीला एक सत्तरीच्या बाई होत्या. त्या फळीवरून उडी मारत नसत. थांबत, सायकल उचलून पलीकडे ठेवत, मग फळीला हात टेकून एकेक पाय असा टाकत, की जुन्या वाड्याचा उंच उंबरठा ओलांडतायत. दर फेरीला माझ्याकडे रागाने बघत. मला वाटलं, थकल्या असतील. शर्यत संपल्यावर त्या सरळ माझ्यापाशी आल्या, खिशातून मोजपट्टी काढली आणि म्हणाल्या, चाळीस सेंटिमीटरच्या वर फळी लावायची नाही असा नियम आहे, मोज. मोजली. अडतीस भरली. त्यांनी पुन्हा मोजायला लावली. पुन्हा अडतीस. "हं," म्हणाल्या आणि गेल्या. पुढच्या रविवारी परत मोजपट्टीसकट हजर. मला त्या फार आवडल्या. आपल्या चाळीतल्या पाण्याच्या रांगेत त्या सहज खपल्या असत्या.

डिसेंबरातली शेवटची शर्यत. बरगडी बोलत होती पण ओरडत नव्हती. गुण नसल्यामुळे मला सगळ्यात मागच्या रांगेत उभं केलं. आदल्या रात्री पाऊस झाला आणि सकाळी थांबला, म्हणजे परत तेच भाकरीचं पीठ. आमच्या शेजाऱ्यांचा बांबू कुंपण ओलांडून आमच्याकडे येतो, त्यावरून आमची कुरबूर चालू असते. त्यातलाच एक तोडून, चिरून मी वीतभर कामटी केली होती आणि मोज्यात खोचली होती.

दर फेरीला ओढ्याकाठचा सखल भाग संपला की मी उतरले. चाक उचललं, कामटी घातली, डावीकडून, उजवीकडून, खालून. दहा-बारा सेकंद. गवताची वेणी सुटून खाली पडायची. तेवढ्यात दोन-तीन जणी पुढे जायच्या. इथे प्रेक्षक गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवतात आणि मनसोक्त टोमणे मारतात. एकाने विचारलं, बाई, बागकाम चाललंय का? त्या गलक्यात अचानक वेगळाच आवाज आला. आपल्या गणपतीच्या मिरवणुकीतल्या झांजा! मंडळाच्या कपाटातून कुणी आणल्या, त्यांची नावं घेत नाही, तिसऱ्या रांगेत बसलेत. परत ठेवल्या असतील अशी खजिनदारांना आशा आहे. फळ्यांपाशी त्यांनी असा काही ठेका धरला की पुढची बाई दचकून उतरायच्या आधीच थांबली आणि मी तिच्या पुढे गेले. हा माझ्या मोसमातला एकमेव डावपेच, आणि तोही तुमचा.

तिसऱ्या फेरीला वाटेत दोघी जणी मोडके गिअर हातात घेऊन चालताना दिसल्या. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी आईला फोन केला. सांगलीत सोमवारची सकाळ झाली होती, मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

"कितवी आलीस?"

"सव्विसावी."

"कितींत?"

"एकतिसांत."

ती थोडा वेळ गप्प. हिशेब चालला असणार.

"म्हणजे पाच जणी तुझ्या मागं."

"हो."

"बरं. सायकल धुतलीस का?"

सायकल अजून गाडीच्या मागेच टांगलेली होती आणि माझ्या हातात चहाचा कप होता.