तेडागर

वडोदऱ्यात विश्वामित्रीच्या काठी असलेल्या या वस्तीत अंगणवाडीचे दार उघडण्याआधीच तिचे काम सुरू झालेले असते. इथल्या मदतनीस बाईंना गुजरातीत ‘तेडागर’ म्हणतात. ‘तेडवुं’ म्हणजे बोलावून आणणे, आणि मुलाला कडेवर घेणे यालाही तोच शब्द आहे. एक मूल कडेवर, दुसऱ्याचे बोट हातात आणि तिसऱ्याच्या दारात मराठीतून हाक, अशा या बाई वस्तीभर फिरतात; कारण आईबाप कामावर निघून गेलेले असतात आणि चार वर्षांचे मूल आपल्या पायांनी इथे पोहोचणार नसते.

आत एक मुलगी झाकणात चिंचोके टाकते आहे. एक, दोन, त्रण, चार. घरची मराठी आणि इथली गुजराती एकाच मोजणीत मिसळली आहे. पाचावर ती अडते, सगळे चिंचोके ओतून देते आणि पुन्हा एकापासून सुरुवात करते. शेजारी बसलेल्या बेन, म्हणजे अंगणवाडी सेविका, तिला पुढचा आकडा सांगत नाहीत. हे थांबणे म्हणजे शिकवणेच आहे, आणि नेमके तेच कोणत्याही रजिस्टरात नोंदले जात नाही.

या पद्धतीला मराठी आणि गुजराती असा दुहेरी वारसा आहे. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम केले आणि 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मूल शाळेत येऊ शकत नसेल, तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, या त्यांच्या विचारातून अंगणवाडी आकाराला आली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभरात 33 प्रकल्पांनी सुरू केली. तेव्हा वडोदरा जिल्ह्यात असलेले छोटा उदेपूर हे त्यांतलेच एक. पोषण, लसीकरण, आरोग्यतपासणी यांच्याबरोबर तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे पूर्वशालेय शिक्षणही योजनेत पहिल्यापासून आहे, तरी आजही अनेकांच्या लेखी अंगणवाडी म्हणजे खाऊ मिळण्याची जागा.

2018 मध्ये केंद्राने ठरवलेले मासिक मानधन सेविकेला 4,500 रुपये आणि मदतनिसाला 2,250 रुपये होते, त्यात राज्ये आपली भर घालतात. या दोघींचा ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये, गुजरातमधूनच गेलेल्या दाव्यात, मान्य केला.

जेवण झाले आहे. ताटल्या धुऊन पालथ्या घातल्या आहेत. चिंचोके मोजणारी मुलगी झोपेला आली आहे, आणि तेडागर बाई तिला कडेवर घेऊन घराकडे निघाल्या आहेत.